पाणी, त्वचा आणि आपल्या मुली

ईद होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. एप्रिलचे ऊन तापले होते. शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलीची अम्मी आम्हाला भेटायला आली. मुलगी तिच्यामागे ओढणी गालावर ओढून उभी होती. अम्मीने ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "आपा, जरा इसका चेहरा देखो. कैसा सुक गया है." ओठ फुटलेले, गालांवर पांढरट खपल्या, डोळे खोल गेलेले. मग तिने पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ट्यूब काढली. "मोहल्ल्यातल्या एका बाईने दिली आहे. सात दिवसांत चेहरा उजळतो म्हणाली. लावू का हिला?"

ट्यूबवर कारखान्याचा पत्ता नव्हता. आत काय काय आहे, तेही लिहिलेले नव्हते. आम्ही ती बाजूला ठेवली आणि मुलीला विचारले, "बेटा, आज सकाळपासून पाणी किती प्यायलीस?" ती गप्प राहिली. पुन्हा विचारले तेव्हा हळूच म्हणाली, "निघताना चहा घेतला होता. शाळेत आम्ही पाणी पीत नाही, आपा."

ती "आम्ही" म्हणाली, "मी" नाही. तो शब्द आमच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गातल्या मुलींना नाव न लिहिता चिठ्ठीवर एवढेच लिहायला सांगितले, की शाळेच्या वेळात तू किती वेळा पाणी पितेस आणि पीत नसशील तर का. बहुतेक चिठ्ठ्यांचा सूर एकच होता. कुणी लिहिले, स्वच्छतागृहाची कडी मोडली आहे. कुणी लिहिले, आत पाणी नसते. कुणी लिहिले, वास येतो, म्हणून जावेच लागू नये यासाठी पाणी पीत नाही. एका चिठ्ठीवर फक्त "लाज वाटते" एवढेच होते. आम्ही चिठ्ठ्या घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो. तेथे बसलेल्या आम्ही चार शिक्षिका एकमेकींकडे पाहत राहिलो, कारण खरे सांगायचे तर आम्हीही तेच करत होतो. घरून भरून आणलेली बाटली तशीच भरलेली परत नेत होतो.

म्हणून या महिन्यात चेहऱ्याच्या तजेल्याविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा लेपापासून सुरुवात न करता पाण्यापासून करावी असे वाटले.

त्वचेला पाणी कोठून मिळते?

त्वचा हा आपल्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव. तिचा सर्वांत बाहेरचा थर कागदाहून पातळ असतो. तो मृत पेशींचा बनलेला असतो आणि त्या पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. विटांची भिंत आणि मधला चुना डोळ्यांपुढे आणा. खालच्या थरांत रक्तवाहिन्या असतात. आपण प्यायलेले पाणी रक्तातून तेथपर्यंत पोहोचते, तेथून हळूहळू वर झिरपते आणि हवेत उडून जाते. भिंतीतला चुना शाबूत असेल तर पाणी आत टिकते. तो धुऊन गेला तर पाणी भराभर उडते आणि त्वचा कोरडी, खरखरीत होते, तिला भेगा पडतात.

म्हणजे कोरड्या त्वचेची कारणे दोन. एक तर आतून पुरेसे पाणी येत नाही, किंवा आलेले पाणी बाहेरची भिंत धरून ठेवत नाही. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. त्यामुळे "भरपूर पाणी प्या, चेहरा चमकेल" हे वाक्य अर्धेच खरे आहे. जी व्यक्ती आधीच पुरेसे पाणी पिते, तिने आणखी चार लिटर प्यायल्याने गालावर काही उजेड पडत नाही. ते पाणी लघवीवाटे निघून जाते. मात्र जी कमी पाणी पिते, तिच्यात फरक पडू शकतो. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही स्त्रियांना महिनाभर रोज दोन लिटर जादा पाणी दिले होते. ज्या आधी कमी पाणी पीत होत्या, त्यांच्या त्वचेत सुधारणा अधिक दिसली.

आमच्या वर्गातल्या मुली या दुसऱ्या गटातल्या आहेत. आमचा अंदाज असा, की या मासिकाच्या पुष्कळ वाचक भगिनीही त्याच गटातल्या असतील.

मोसंबीचा ताण

जालना जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची गोष्ट मोसंबीच्या बागेवरून लवकर समजते. आपल्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. बागायतदार आंबे बहार धरण्यासाठी हिवाळ्याच्या तोंडाला झाडांचे पाणी तोडतात. त्याला "ताण देणे" म्हणतात. ठरावीक दिवस ताण दिला की पाने थोडी मलूल होतात, काही गळतात. मग जानेवारीच्या सुमारास पाणी सोडले की झाड फुलांनी भरून जाते.

पण हा ताण मोजून दिलेला असतो. जमीन हलकी की भारी, झाडाचे वय किती, पाने किती कोमेजली, हे पाहून दिलेला असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या बागांना जो ताण बसला, तो कुणी मोजलेला नव्हता. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागांत लोकांनी वर्षानुवर्षे मुलासारखी वाढवलेली झाडे डोळ्यांदेखत वाळली आणि शेवटी सरपणासाठी तोडावी लागली. झाड वाळताना आधी पान बोलते. माणसाचेही तसेच आहे. शरीरात पाणी कमी पडू लागले की ते आधी मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना राखते आणि त्वचेची पाळी मागे ढकलते. म्हणून सुकलेला ओठ हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. कधी कधी तो आतल्या टंचाईचा निरोप असतो.

घरात शेवटचा पेला कुणाचा?

आपल्या शहराला पाण्याची चिंता नवी नाही. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की जमशेदखानाने येथे मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. काळी मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई हीही त्याच्याच काळातली. वाटसरूला पाणी मिळावे, नमाजीला वुजू करता यावा, अंघोळीची सोय व्हावी, असा विचार त्यामागे होता. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला आणि त्याचे पाणी शहराला मिळू लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात तो तलाव आटला, तेव्हा त्यातला गाळ काढण्यासाठी शहरातली माणसे पुढे आली. त्यानंतर पैठणहून जायकवाडीचे पाणी जलवाहिनीने आले. तरीही आपल्यापैकी पुष्कळांच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. उन्हाळ्यात भोकरदन, जाफराबाद, बदनापूरकडच्या गावांत टँकरची वाट पाहणे चुकलेले नाही.

अशा ठिकाणी पाणी मोजून वापरण्याची सवय अंगी मुरते आणि ती चांगलीच आहे. पण त्या मोजमापात एक अन्याय नकळत शिरला आहे. नळ आला की भांडी भरते ती बाई, टँकरच्या रांगेत उभी राहते ती बाई, आणि प्यायला शेवटी बसते तीही बाई. जारचे विकतचे पाणी पुरुषांना आणि पाहुण्यांना, आपल्याला बोअरचे चालेल, असे म्हणणाऱ्या खाला आणि भाभी आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत. आमच्या स्वतःच्या अम्मी तशाच होत्या. सर्वांची जेवणे झाल्यावर त्या जेवायच्या आणि पाणी प्यायचे राहूनच जायचे. टाचांच्या भेगांना मेण लावत बसायच्या, पण दिवसभरात पाणी किती पोटात गेले, हे त्यांना कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही.

आपल्या दीनने पाण्याच्या उधळपट्टीला मनाई केली आहे. पैगंबर (स.) सुमारे एक मुद पाण्यात वुजू करत आणि एक सा' किंवा त्याहून थोड्या अधिक पाण्यात गुस्ल करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे आजच्या मापाने लिटरहून कमीच. सांगायचे ते असे, की काटकसर धुण्या-सांडण्यात करावी, पिण्यात नव्हे. वुजूचा नळ बारीक सोडा, भांड्यांचे पाणी झाडांना घाला, पण स्वतःच्या आणि लेकीच्या पेल्यात काटकसर करू नका. शरीर हीसुद्धा अल्लाहची अमानत आहे.

किती प्यावे, कसे ओळखावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाला साधारण आठ पेले, म्हणजे सुमारे दोन लिटर पाणी प्यावे असे म्हटले आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, शेतात किंवा जालन्याच्या सळई कारखान्यांत भट्टीजवळ काम करणाऱ्याला याहून बरेच जास्त लागते. अंगावर दूध पाजणाऱ्या मातेलाही जास्त लागते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच घ्यावे.

पेले मोजत बसण्यापेक्षा सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. तो वाळलेल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळा असेल, दिवसभरात दोन-तीनदाच जावे लागत असेल, दुपारी डोके ठणकत असेल, तर पाणी कमी पडते आहे. मुलींनी लघवी तुंबवून ठेवली आणि पाणीही कमी घेतले, की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. जळजळ होते, ओटीपोट दुखते, ताप येतो. लाजेपोटी मुली घरी सांगत नाहीत. अम्मीने आपणहून विचारले पाहिजे.

एकदम तांब्याभर पाणी घटाघटा पिण्यापेक्षा थोडे थोडे, बसून, थांबून पिणे चांगले. सकाळी उठल्यावर एक पेला, शाळेत किंवा कामावर दोन-तीन पेले, जेवणाच्या आगेमागे, संध्याकाळी, असे वाटून घेतले की दिवसभर भासत नाही. चहातही पाणीच असते, त्यामुळे दोन कप चहाने शरीर वाळते हा समज बरोबर नाही. पण दिवसातून सहा-सात कप गोड चहा हा पाण्याला पर्याय नव्हे.

पाणी खाण्यातूनही मिळते. काकडी आणि टरबूज यांत नऊ-दशांशाहून अधिक पाणीच असते. मोसंबी तर आपल्या दारातली. तिच्यात पाण्याबरोबर जीवनसत्त्व क असते आणि त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन तयार व्हायला ते लागते. मोसंबीचा रस गाळून साखर घालून पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. पातळ ताक, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी, वरणाचे पाणी, शिरा न काढता खाल्लेली मोसंबी यांना बाजारातल्या रंगीत बाटल्यांची सर येणार नाही. रंगीत सरबत आणि थंड पेयांत साखर इतकी असते, की रोज प्यायल्यास फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

बाहेरची भिंत

आता त्या भिंतीतल्या चुन्याविषयी. आपल्या भागात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपण साबण जास्त घासतो. साबणाचा थर अंगावर राहतो आणि त्वचेतले तेल निघून जाते. त्यात कपड्यांच्या साबणाने अंग धुणे, खरखरीत दगडाने किंवा प्लॅस्टिकच्या घासणीने गाल घासणे, थंडीत कडकडीत पाण्याने नाहणे, यांमुळे भिंत आणखी खचते. उपाय महागडे नाहीत.

अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी. सौम्य साबण काख, जांघा, पाय यांपुरता वापरला तरी पुरतो. अंग घासून न पुसता टॉवेलने टिपून घ्यावे. त्वचा किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल, साधी पेट्रोलियम जेली किंवा वास नसलेले साधे मलम हलक्या हाताने लावावे. तेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून ते कोरड्या अंगापेक्षा ओलसर अंगावर लावल्याचा उपयोग जास्त. मात्र ज्या मुलींना पुरळ येतात त्यांनी चेहऱ्यावर खोबरेल तेल लावू नये. त्याने पुरळ वाढू शकतात.

पाच वेळचा वुजू ही स्वच्छतेची मोठी देणगी आहे. फक्त नंतर हात-पाय ओले ठेवू नयेत. विशेषतः पायांच्या बोटांमधल्या फटी कोरड्या कराव्यात, नाहीतर तेथे बुरशी धरते आणि चिखल्या होतात. हिवाळ्यात इशाच्या वुजूनंतर टाचांना तेल किंवा जेली लावून मोजे घालून झोपावे. आठवड्याभरात भेगा मऊ पडतात. ओठ सुकले की जिभेने ओले करण्याची सवय मुलांना असते. लाळ उडून जाते आणि ओठ अधिकच फुटतात. त्याऐवजी पाणी प्यावे आणि ओठांना थोडे तूप किंवा जेली लावावी.

त्वचा सतत खाजते, पाणी आणि तेल सांभाळूनही कोरडेपणा हटत नाही, सोबत थकवा आहे, केस गळतात, वारंवार तहान लागते, अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय यांतही त्वचा कोरडी पडते. साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

त्या ट्यूबचे काय?

आता अम्मीच्या पर्समधल्या ट्यूबकडे येऊ. "सात दिवसांत गोरेपण" देणाऱ्या बेनावाच्या मलमांत काय असते? पुष्कळदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड. ही खरे तर त्वचारोगावरची औषधे आहेत. डॉक्टर ती ठरावीक जागी, ठरावीक दिवस देतात. रोज चेहऱ्यावर लावल्यास सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो आणि बाई खूश होते. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतात, चेहऱ्यावर केस येतात, उन्हात आग होते. मलम थांबवले की त्रास दुप्पट होतो, म्हणून ते सुटत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. तरी ती मिळतात.

काही क्रीममध्ये याहून भयंकर पदार्थ असतो, तो म्हणजे पारा. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकच क्रीम वापरणाऱ्या घरातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. चेहऱ्याला लावलेले विष मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, ते असे.

आम्ही अम्मीला हे सांगितले तेव्हा तिने खरी गोष्ट सांगितली. थोरल्या मुलीच्या रिश्त्यासाठी लोक येऊन गेले होते. रंगावरून काही बोलले होते. तेव्हापासून ती धाकटीच्या चेहऱ्याकडेही काळजीने पाहू लागली होती. नववीतली मुलगी, आणि तिच्या गालांची काळजी आत्ताच रिश्त्याच्या हिशेबाने! यावर उपदेश करणे सोपे होते. पण त्या आईच्या डोळ्यांत पाणी होते आणि आम्ही उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो, "अम्मी, रंग अल्लाहने दिलेला आहे, तो बिघाड नाही. फुटलेले ओठ हा बिघाड आहे आणि तो बरा होतो." ट्यूब तिने आमच्याकडेच ठेवली.

रोजा आणि पाणी

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१९ साली तो ऐन मे महिन्यात आला होता. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, गावोगाव टँकर आणि साडेचौदा तासांचा रोजा. आता तो थंडीकडे सरकला आहे, तास कमी झाले आहेत, पण हवा कोरडी असते, त्यामुळे ओठ आणि टाचा फुटण्याच्या तक्रारी येतच राहतात.

मोसंबीचा ताण आठवा. रोजाही मोजलेला आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि आजारी, प्रवासी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी सवलत आहे. तो शरीर मोडण्यासाठी नाही. चूक आपण इफ्तारनंतर करतो. खजूर आणि पाण्याने रोजा सोडला की भजी, समोसे, गोड सरबत आणि मग थेट झोप. रात्रभरात पाण्याची भरपाई होत नाही. मगरिबपासून तरावीहपर्यंत थोडे थोडे, तरावीहनंतर थोडे आणि सहरीला दोन पेले, असे वाटून प्यावे. सहरीला शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी ढोसण्यात अर्थ नाही, ते लवकरच निघून जाते. सहरीत लोणचे, पापड, खारट पदार्थ टाळावेत. दही, काकडी, भाकरी, भाजी, एखादे फळ असावे. ज्या भगिनी दिवसभर चुलीपुढे उभ्या राहून इफ्तारची तयारी करतात, त्यांना घरातल्या इतरांनी दुपारी तासभर आडवे होऊ द्यावे. सवाब सर्वांनी वाटून घ्यावा.

त्वचा धोका सांगते तेव्हा

जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती चटकन जागेवर न जाता हळूहळू गेली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा रडताना अश्रू येईनात, तर शरीरातले पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले आहे. ताबडतोब दवाखाना गाठावा आणि वाटेत ओआरएस पाजत राहावे. एक लिटरच्या पाकिटाला एक लिटर स्वच्छ पाणी, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचवले. सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी ते पिंपांतून वाटले होते. औषध इतके साधे आहे.

उन्हात काम करणाऱ्याची त्वचा तापून लाल झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पाण्याची घंटा

आमच्या शाळेत पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. चिठ्ठ्या मुख्याध्यापकांपुढे ठेवल्या. कुणाचे नाव नव्हते, त्यामुळे कुणाला राग आला नाही. पालक सभेत त्या वाचून दाखवल्या, तेव्हा खोलीत शांतता पसरली. एका वडिलांनी दुसऱ्याच दिवशी येऊन कडी बसवून दिली. दुसऱ्याने टाकी आणि बादल्या दिल्या. टाकी भरण्याचे काम पाळीने ठरले. केरळातल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली होती. तेच पाहून आम्हीही रोज दोनदा ही घंटा वाजवू लागलो. घंटा झाली की शिक्षिकांनीही मुलांसमोर पाणी प्यायचे, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात मुली हसत होत्या. आता घंटा विसरली तर त्याच आठवण करून देतात.

सर्व काही सुटले असे नाही. टाकी काही दिवस कोरडी राहते, कडी पुन्हा एकदा मोडली. पण बाटल्या आता रिकाम्या होऊन घरी जातात.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी दहावीत येऊन बसली. ओठ बरे झाले होते, गालांवरच्या खपल्या गेल्या होत्या, रंग होता तसाच होता. मधल्या सुट्टीत ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "आपा, अम्मी घरी माझ्या बाटलीकडे बघते आता. रिकामी नसली तर रागावते." आम्ही विचारले, "आणि अम्मी स्वतः किती पिते?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "ते मी बघते."

वाचक भगिनींनो, आज रात्री दस्तरखान आवरण्याआधी आपल्या घरात एवढे विचारा, की आज सर्वांत कमी पाणी कुणी प्यायले. आणि तिच्या हातात एक भरलेला पेला द्या.